एकाच आराखड्याच्या दोघी

२०२५ च्या जूनमध्ये विभागाचे लोखंडी कपाट दुसऱ्या खोलीत हलवायचे ठरले आणि त्यानिमित्ताने ते रिकामे करताना ट्युटोरियलचा एक जुना गठ्ठा हाती लागला. सुतळीने बांधलेला, वरच्या दोन-चार पानांना वाळवी लागलेली. असे गठ्ठे खरे तर मुदत संपली की रद्दीत जायचे. हा कसा राहिला कोण जाणे. गठ्ठ्यावर माझ्याच अक्षरात लिहिले होते : बी. ए. द्वितीय वर्ष, मराठी साहित्य, ऑगस्ट २०१८.

तो प्रयोग मला लगेच आठवला. त्या वर्षी तुलना शिकवताना मी विद्यार्थ्यांना सांगितले होते की थेट कवितांची तुलना करण्याआधी कोणत्याही दोन सारख्या वस्तू घ्या आणि त्यांच्याविषयी दोन पाने लिहा. सारख्या असल्या पाहिजेत, कारण मांजर आणि रेल्वे यांची तुलना कोणीही करील. खरी कसोटी जुळ्यांची असते. असे मी मोठ्या तोऱ्यात म्हटल्याचेही स्मरते. मुलांनी आपापल्या कुवतीप्रमाणे लिहिले. गोंदिया आणि भंडारा, दोन आत्या, एचएमटी आणि जय श्रीराम हे तांदूळ, एकाच कंपनीच्या दोन मोटारसायकली. आणि एका मुलीने लिहिले होते म्हादेई आणि तारिणी या भारतीय नौदलाच्या दोन शिडाच्या नौकांविषयी.

तिला मी दहापैकी चार गुण दिले होते.

पान उघडले तेव्हा माझी लाल शाई अजून टवटवीत होती. पहिल्याच ओळीतील ‘म्हादेई’ या शब्दाभोवती वर्तुळ आणि पुढे ‘नदी?’ अशी पृच्छा. त्या पृच्छेने मला आज घाम फुटतो. त्याच महिन्यात म्हादेई जलतंटा लवादाचा निवाडा आला होता, वृत्तपत्रे त्याने भरली होती, आणि माझे म्हादेईविषयीचे ज्ञान त्या मथळ्यांपुरतेच होते. खाली समासात लिहिले होते : ‘दोन्ही नौका एकाच आराखड्याच्या. तुलनेस आधार अपुरा.’ दुसऱ्या पानावर, जिथे तिने आपल्या वडिलांच्या दोन डोंग्यांविषयी अर्धे पान लिहिले होते, तिथे उभी रेघ आणि एकच शब्द : ‘अप्रस्तुत.’

मुलगी धिवरांची. अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील एका लहान गावातून एसटीने यायची. गावाला मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आणि त्यावर बापाची मासेमारी. आमच्या या पूर्व टोकाच्या जिल्ह्यात असे तलाव गावोगाव आहेत. नवेगावबांधचा मोठा तलाव तर कोलू पाटील कोहळी याने अठराव्या शतकात बांधला असे सांगतात, आणि त्याच्या भोवतीच्या सात टेकड्यांना सातबहिणी म्हणतात. पाणी आम्हाला नवे नाही. समुद्र मात्र दूर. विदर्भ एक्सप्रेसने रात्र काढली की मुंबईचा समुद्र भेटतो, तोही हजारेक किलोमीटरवर. वास्तविक पूर्वेचा समुद्र त्याहून जवळ, आणि आमच्या तलावांचे सांडपाणी नाल्यांतून वैनगंगेत, तिथून प्राणहितेत, गोदावरीत असे शेवटी तिकडेच जाते. पण तिकडे जाणारी आमची कोणतीही बोली नाही, म्हणून तो समुद्र आमच्या कल्पनेत नाहीच.

अशा ठिकाणी बसून एका विद्यार्थिनीने वृत्तपत्रांची कात्रणे जमवून दोन नौकांची तुलना केली होती, आणि मी तिला आधार अपुरा म्हणून चार गुण दिले होते.

आता या दोघींविषयी थोडे सांगितले पाहिजे. पुढची काही वर्षे मी जे वाचले ते बहुतांशी त्या लाल शाईची भरपाई म्हणून वाचले, हे आधीच कबूल करते.

दोन्ही नौका गोव्यातल्या. मांडवीच्या पात्रातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांचा नौकाबांधणीचा कारखाना आहे, तिथे त्या बांधल्या गेल्या. आराखडा व्हान द स्टाट या डच संस्थेचा, त्याचे नाव टोंगा ५६. छप्पन्न फूट लांबी, म्हणजे सुमारे सतरा मीटर. डोलकाठी पंचवीस मीटरांच्या आसपास, म्हणजे नौकेच्या लांबीहून कितीतरी उंच. लाकडी गाभा, त्याच्या आतबाहेर फायबरग्लासचे थर. वजन वीस टनांच्या वर. शर्यतीच्या नौका हलक्या आणि तल्लख असतात. या तशा नाहीत. या लांबच्या प्रवासाच्या नौका आहेत. त्यांचे भारीपण हाच त्यांचा गुण, कारण तळाशी असलेल्या वजनामुळे लाटेने आडवी केलेली नौका पुन्हा उभी राहते. म्हादेई नौदलाच्या ताब्यात आली ती फेब्रुवारी २००९ मध्ये, तारिणी फेब्रुवारी २०१७ मध्ये. मध्ये आठ वर्षांचे अंतर. थोरली आणि धाकटी.

इथवर माझा शेरा खरा ठरतो. मापे तीच, हात तेच, नदी तीच. तुलनेला आधार कुठे आहे?

पण म्हादेई बांधली जात होती तेव्हा ती बांधणाऱ्यांनी तशी नौका पूर्वी बांधलेली नव्हती, आणि जो ती चालवणार होता त्यानेही तशी चालवलेली नव्हती. दिलीप दोंदे हे नौदलातले पाणबुडे. एकट्या भारतीयाने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी ही कल्पना निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. आवटी १९७१ च्या युद्धातले वीरचक्राचे मानकरी. निवृत्तीनंतर राहिले ते सातारा जिल्ह्यात फलटणजवळच्या विंचुर्णीला. समुद्र दिसत नाही अशा गावात बसून माणूस समुद्राचा बेत करतो, याचे आम्हा गोंदियाकरांना विशेष वाटणे स्वाभाविक आहे. दोंदे पुढे झाले, आणि मग बांधणाराही शिकत होता, चालवणाराही शिकत होता, अशी ती नौका तयार झाली. ‘द फर्स्ट इंडियन’ हे त्यांचे इंग्रजी पुस्तक वाचताना मला त्यातील वादळांपेक्षा हा शिकण्याचा भाग अधिक आवडला.

१९ ऑगस्ट २००९ रोजी ते मुंबईहून निघाले. फ्रिमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅनली, केप टाउन असे चार मुक्काम करून मे २०१० मध्ये परतले. प्रदक्षिणेचे नियम मोठे कडक असतात. जिथून निघायचे तिथेच परतायचे, सगळी रेखावृत्ते ओलांडायची, विषुववृत्त दोनदा ओलांडायचे, सुएझ किंवा पनामाचा कालवा वापरायचा नाही, आणि ल्युविन, हॉर्न व गुड होप ही तिन्ही भूशिरे वळसा घालून पार करायची. अंतर किमान २१,६०० सागरी मैल भरले पाहिजे. हा आकडा कुठून आला हे कळले तेव्हा मला फार बरे वाटले : ३६० अंश गुणिले ६० कला. पृथ्वीचा परीघ, दुसरे काही नाही.

त्यानंतर त्याच म्हादेईतून अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजी निघाले आणि कुठेही न थांबता सुमारे दीडशे दिवसांनी, मार्च २०१३ च्या शेवटी परतले. म्हणजे म्हादेई ही प्रामुख्याने एकट्याची नौका. सतरा मीटरांत एक माणूस. झोप तुकड्यातुकड्यांची, स्वयंपाक एकाचा, आणि बोलायला नौकाच. दोघांच्याही सांगण्यात ती वस्तू राहत नाही, ती एक व्यक्ती होऊन जाते, यात नवल नाही.

तारिणी भरली ती निराळ्या ओझ्याने. १० सप्टेंबर २०१७ रोजी तिच्यातून गोव्याहून सहा जणी निघाल्या. वर्तिका जोशी या प्रमुख. प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, विजया देवी, ऐश्वर्या बोड्डपाटी आणि पायल गुप्ता या त्यांच्या सोबतिणी. तीच छप्पन्न फुटांची जागा, पण आता आळीपाळीने पहारा, एकीच्या ऊबेने तापलेल्या अंथरुणात दुसरीने शिरायचे, सहा जणींचे ओले कपडे, सहा जणींचे मौन. मार्गही जवळपास दोंद्यांचाच : तेच फ्रिमँटल, तेच लिटल्टन, तेच पोर्ट स्टॅनली, तेच केप टाउन. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी केप हॉर्न पार केले. परतीच्या वाटेवर सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला म्हणून ठरलेले नसताना मॉरिशसला पोर्ट लुई येथे थांबावे लागले, आणि २१ मे २०१८ रोजी त्या गोव्याला पोचल्या. २५४ दिवस. या सहा जणी शिकल्या होत्या कुठे, तर म्हादेईवर. २०१६ साली म्हादेई घेऊनच त्या मॉरिशसपर्यंत जाऊन आल्या होत्या. थोरलीने धाकटीची माणसे तयार केली, असे म्हणता येईल. (माझ्या थोरल्या बहिणीने बारावीनंतर शाळेच्या दाराकडे पाहिले नाही आणि माझे व्याकरण मात्र तिनेच घोटून घेतले. पण तो निराळ्या लेखाचा विषय आहे.)

नावांतही गंमत आहे. म्हादेई हे मांडवीचेच वरच्या अंगाचे नाव. नदीचे नाव आणि देवीचेही. सत्तरीकडे नावेत बसलेल्या देवीची जुनी शिल्पे आहेत. तारिणी हे नाव ओडिशातल्या गंजाम जिल्ह्यातील तारा-तारिणीवरून. ऋषिकुल्या नदीकाठच्या टेकडीवर या दोन देवी शेजारी शेजारी आहेत, जुळ्या बहिणी, आणि दर्यावर्दी त्यांना नवस बोलत. म्हणजे जिला आपण धाकटी म्हणतो तिच्या नावातच एक बहीण दडलेली आहे. शिवाय ‘तॄ’ हा धातू पाहा : त्यापासून तरणे, तारणे, तरणी म्हणजे नौका, तारिणी म्हणजे तारणारी, आणि आपले मराठीतले जुने तारू. मराठीने नौकांना लिंगे तरी कशी वाटली आहेत! होडी, नाव ती. गलबत, तारू, जहाज ते. मचवा, पडाव आणि आमचा डोंगा तो. त्या मुलीच्या ट्युटोरियलमध्ये म्हादेई आणि तारिणी ‘ती’ होत्या आणि डोंगे ‘तो’ होते. त्यामुळे दुसऱ्या पानावरची वाक्ये मध्येच लिंग बदलतात. मी त्यालाही लाल शाई लावली होती, जणू तो व्याकरणदोष असावा.

तिने काय लिहिले होते? थोडक्यात असे. माझ्या बाबांचे दोन डोंगे आहेत. एकाच सुताराने एका उन्हाळ्यात केले. लांबी सारखी, लाकूड सारखे. नवे असताना दोन्ही सारखेच चालत. एकावर बाबा एकटे जाळे टाकायला जातात. दुसऱ्यावर आई आणि काका असे दोघे-तिघे बसतात, शिंगाडे आणतात. आता चार वर्षांनी दोन्ही डोंगे वेगळे झाले आहेत. बाबांचा डोंगा एका माणसाचा झाला आहे, त्यावर दुसरा बसला की तो हलतो. दुसरा डोंगा एकट्याने चालवला तर जात नाही. डोंग्याचा स्वभाव तो कशाने भरला यावर ठरतो. म्हादेई आणि तारिणी यांचेही असेच झाले असेल असे मला वाटते.

हे शेवटून दुसरे वाक्य मी आडव्या रेघेने खोडले होते. आणि त्याच आठवड्यात, हे मला टिपणवहीवरून पक्के सांगता येते, मी त्याच वर्गाला ओवी शिकवत होते. ज्ञानेश्वरांची ओवी आणि एकनाथांची ओवी. आराखडा एकच. मग ती इथे अशी आणि तिथे तशी का चालते? मी फळ्यावर लिहिले होते : ‘छंद तोच, भार वेगळा.’ फळ्यावर जे मला कळत होते ते वहीत कळले नाही. कारण फळ्यावर ते माझे होते.

भौतिकशास्त्र शिकवणारे माझे एक सहकारी म्हणतात की एकाच साच्याच्या दोन नौका वापराने स्वभाव बदलत नाहीत, हा नुसता भावुकपणा आहे. लाकूड पाणी पिते, एका अंगाने झिजते, तेव्हा डोंग्यांच्या बाबतीत ते मान्य. फायबरग्लासच्या बाबतीत नाही. मला त्यांचे म्हणणे निम्मेच पटते. नौकेत फक्त कवच नसते. दोर कुठे बांधायचा, शीड कधी उतरवायचे, कोणता आवाज काळजीचा आणि कोणता नेहमीचा, हे सगळे नौकेतच मुरलेले असते, आणि ते ज्याच्या हातून मुरले त्याच्याप्रमाणे मुरते. शिवाय दुसरी नौका बांधताना कारखान्याच्या हाताला पहिली ठाऊक होती. दुसरी आवृत्ती मुखपृष्ठापासून शेवटच्या पानापर्यंत पहिलीसारखीच असली, तरी तिच्या मागे पहिलीचे वाचक असतात.

त्या सत्रातली एक गोष्ट मी इतकी वर्षे कोणाला सांगितलेली नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये एका सकाळी ती मुलगी स्टाफरूमच्या दाराशी आली आणि म्हणाली, “मॅडम, अभिलाष टॉमींची डोलकाठी मोडली.” मला काही बोध झाला नाही. तेव्हा ते थुरिया नावाच्या तिसऱ्याच नौकेतून एका जागतिक शर्यतीत उतरले होते. थुरियाही गोव्यात त्याच कारखान्यात बांधलेली, पण आराखडा जुना. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये जिच्यातून पहिली एकट्याची विनाथांबा प्रदक्षिणा केली त्या ‘सुहेली’ची ती प्रतिकृती. आणि सुहेली मुंबईत बांधलेली होती. दक्षिण हिंदी महासागरात वादळाने थुरियाची डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीला जबर दुखापत झाली, आणि तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. हे सगळे मी नंतर वाचले. त्या सकाळी मी फक्त म्हणाले, “बरं. तुझं दुसरं ट्युटोरियल राहिलंय.” ती “हो मॅडम” म्हणून गेली. तिने ही बातमी माझ्याकडेच का आणली असावी? माझ्या शेऱ्यांनंतरही तिला वाटत होते की या विषयात आता माझाही काही वाटा आहे. त्या नोव्हेंबरात आवटी गेले, तेव्हा ती काही सांगायला आली नाही.

द्वितीय वर्षानंतर तिचे नाव हजेरीपटावर नव्हते. माझ्या चार गुणांमुळे असे झाले असे मी म्हणणार नाही; तेवढे महत्त्व मी स्वतःला देऊ नये. आमच्याकडे मुली ज्या कारणांनी थांबतात ती कारणे सर्वांना ठाऊक आहेत.

मध्यंतरी एका चर्चासत्रासाठी गोव्याला जाणे झाले. समारोपाचे भाषण चुकवून मी जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडीला गेले. नौका काही दिसली नाही. खारफुटी, चिखल, आणि पाण्यावर डिझेलचा वास. शेजारी उभ्या माणसाला विचारले तर त्याने एका दिशेला हात केला. तेवढे पुरेसे वाटले. नदीचे पाणी आमच्या तलावासारखेच मातकट होते.

२ ऑक्टोबर २०२४ रोजी तारिणी पुन्हा निघाली, या वेळी फक्त दोघी, दिलना के. आणि रूपा ए. सहा जणींची नौका दोघींची झाली. त्या २९ मे २०२५ रोजी परतल्या, आणि पंधरा दिवसांनी माझ्या हाती तो गठ्ठा लागला. योगायोगावर माझा फारसा विश्वास नाही, पण कपाट हलवायची तारीख मी ठरवलेली नव्हती.

पान घेऊन मी तिच्या गावी गेले. पहिला पाऊस होऊन गेला होता, बांधावर धानाचे पऱ्हे टाकायची लगबग. वडील तलावाच्या पाळीवर जाळे सांधत बसले होते. ओळख सांगितल्यावर ते उभे राहिले आणि पहिला प्रश्न विचारला, “नापास झालती का मॅडम ते?” मी म्हटले, नाही काका, तिचा एक कागद माझ्याकडे राहिला होता. त्यांनी तो हातात घेतला, उलटसुलट पाहिला, लाल रेघा पाहिल्या आणि परत दिला. मुलगी पुण्याकडे एका कारखान्यात आहे, लग्न झाले, एक मुलगा आहे. त्यांनी मोबाईलवरून तिला फोन लावून दिला. मागे यंत्रांचा आवाज येत होता. मी काय सांगायला आले होते ते सगळे अडखळत सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “चार दिले होते मॅडम तुम्ही.” आणि लगेच, “तारिणी परत आली, पाह्यलं का? दोघीच होत्या. मला वाटत होतं, दोघींना जड जाईल ती.” तिची पाळी सुरू व्हायची होती, म्हणून तिने फोन ठेवला.

पाळीखाली दोन डोंगे बांधलेले होते. मी विचारले, हेच का ते? काका हसले. “थे जुने सडले. हे दोनी नवे. एकाच सुताराचे, पन थो आयकते, हा आयकत नाई.” पलीकडच्या काठावर जाळे काढायचे होते, येता का म्हणाले. मी चपला हातात घेतल्या आणि न ऐकणाऱ्या डोंग्यात चढले, कारण दुसऱ्यात आधीच टोपल्या होत्या. त्यांनी बांबू पाण्यात रोवला.

“मधात बसा, मॅडम,” ते म्हणाले. “आनखी थोडं इकडं. हा डाव्या अंगाला जाते.”

मी सरकले.